आजीची गळ्याशप्पथ

माझी बायको महत्त्वाच्या कामाला निघणाऱ्या प्रत्येकाच्या तळहातावर दहीसाखर ठेवते. परीक्षा असो, इंटरव्ह्यू असो, विमान असो नाहीतर व्हिसाची मेडिकल असो, तिच्या तावडीतून कोणी सुटत नाही. एकदा आमचा एसी दुरुस्त करायला माझ्याच कंपनीतला टेक्निशियन आला होता. इथून पुढे ड्रायव्हिंग टेस्टला जायचंय असं तो सहज बोलून गेला आणि बिचाऱ्याला ग्रीसचे हात धुऊन दहीसाखर खावं लागलं. नापास झाला तो. पण ही म्हणते, त्यानं हात नीट धुतले नव्हते.

मी ह्या सगळ्याला थोतांड म्हणतो आणि वेळ आली की मुकाट्यानं हात पुढे करतो. अबुधाबीत आमची पस्तीसेक वर्षं गेली. एसी डक्टिंगच्या धंद्यात मी साइट इंजिनियरपासून कन्सल्टंटपर्यंत सगळ्यांशी भांडलो, पण घरात हिच्याशी भांडून माझ्या पदरात कधी काही पडलं नाही. तेव्हा दहीसाखर चालू राहिलं. त्यापायी एक दिवस आमच्या तोंडचं पाणी पळेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

समोरच्या फ्लॅटमध्ये एक फ्रेंच कुटुंब राहायला आलं, तिथून हे सुरू झालं. नवरा त्यांच्या नौदलात, बोटीच्या इंजिनांवर काम करणारा. इथल्या बंदरात त्यांचा तळ आहे. बायको एका नर्सरीत शिकवायची. आणि सात वर्षांची एक मुलगी, पुढचे दोन दात पडलेली. सुरुवातीला लिफ्टमध्ये गुड मॉर्निंग, एवढीच ओळख. मग एकदा शाळेची बस मुलीला सोडून गेली आणि आई ट्रॅफिकमध्ये अडकली. पोर खाली लॉबीतल्या सोफ्यावर दप्तर मांडीवर घेऊन बसलेली, वॉचमन हवालदिल. माझी बायको भाजी घेऊन येत होती. तिनं वॉचमनला आईला फोन लावायला सांगितला, पोरीला वर आणलं आणि पोळी कुस्करून तूपगुळाचा लाडू करून दिला. आई धापा टाकत आली तेव्हा पोर दुसरा लाडू खात होती. दुसऱ्या दिवसापासून बस आली की ती थेट आमच्याकडेच यायला लागली.

आमचा मुलगा टोरांटोत असतो. त्याची दोन मुलं रविवारी स्क्रीनवर येतात, 'हाय' म्हणतात, आणि मग फोन कुठेतरी ठेवून देतात, की आम्ही बसतो त्यांच्या घराचं छत बघत. इकडे ह्या मुलीचे आजी-आजोबा फ्रान्समधल्या कुठल्याशा खेड्यात, आजोबांना हृदयाचा त्रास म्हणून विमान बंद. दोन्हीकडे जागा रिकामी होती, ती भरली. आमची ही तिला 'बयो' म्हणायची. ती आम्हाला आजी आणि आबा म्हणायला शिकली. ही मराठीत बोलणार, बयो इंग्रजीत उत्तर देणार, आणि दोघींचं कशावाचून अडायचं नाही. "यल्ला बयो, चल, हात धू," अशी हाक ऐकली की मी समजायचो, दोन वाजून गेले.

बाप पहिल्यांदा समुद्रावर निघाला तेव्हा ही वाटी घेऊन आमच्या दारात उभी राहिली. तो दारात मावेना एवढा उंच, खांद्यावर भली मोठी बॅग. "रुको," ही म्हणाली. "अंदर आओ. हात. राइट." त्यानं शहाण्या मुलासारखा हात पुढे केला, दहीसाखर खाल्लं, तळवा चाटला आणि कमरेत वाकून थँक्यू म्हणाला. मग हिनं मराठी, हिंदी, इंग्रजीची खिचडी करून त्याला नियम समजावले. उंबऱ्याच्या आत उभं राहून खायचं. निघाल्यावर मागं वळून बघायचं नाही. आणि निघालेल्या माणसाला 'कुठे चाललात' म्हणून कोणी विचारायचं नाही. हे शेवटचं ऐकून तो खो खो हसला. म्हणाला, आमच्याकडेही तेच बजावलेलं असतं, बोट कुठे जाणार हे घरच्यांनी विचारायचं नाही. तुमची मॅडम आमच्या सिक्युरिटी ऑफिसरपेक्षा कडक आहे.

तो गेला आणि परत आला. पुढच्या वेळी पुन्हा दहीसाखर, पुन्हा परत. अशा काही खेपा झाल्यावर बयो त्या नियमांची फौजदार झाली. बाप बूट चढवत असतानाच ती आमची बेल वाजवायची. वाटी चांदीचीच हवी, हात उजवाच हवा, सगळ्यावर तिची देखरेख. आणि दही घरचंच. इथं दही लावणं म्हणजे एक उद्योगच असतो. एसीत ते लागत नाही आणि बाल्कनीत ठेवलं तर बघता बघता आंबतं. म्हणून ही पातेलं टॉवेलात गुंडाळून बंद ओव्हनमध्ये ठेवते. ते उघडून बघायचा मान बयोचा. "झालं, आजी!" एवढं मराठी ती फार झोकात ओरडायची.

एकदा दुपारी मी बातम्या वाचत होतो आणि ती समोर चित्र रंगवत होती. मान वर न करता तिनं मला सांगितलं की तिच्या वर्गातल्या एका मुलाचे बाबापण नेव्हीत आहेत आणि तो सारखा रडतो, कारण त्याच्याकडे आजी नाही. "माझे पापा येणारच," ती म्हणाली, "आजी त्यांना दही देते ना." बस दोन वाजता येते असं सांगावं तितक्या सहज तिनं हे सांगितलं. संध्याकाळी मी हिला म्हटलं, "अगं, हे पोरीच्या डोक्यात फार घट्ट बसतंय. उद्या काही कमीजास्त झालं तर..."

"भरल्या घरात अभद्र बोलू नका," ती म्हणाली. "वास्तू तथास्तु म्हणते."

मग आखातातलं वातावरण बिघडलं. टीव्हीवर रोज नकाशे आणि नकाशांवर लाल बाण. शहरात वरवर सगळं जिथल्या तिथं होतं, मॉल भरलेले, शाळा चालू, समुद्रकाठच्या कॉर्निशवर माणसं फिरतायत. पण लिफ्टमध्ये लोक हळू आवाजात बोलायला लागले. कोणी गावची तिकिटं काढून ठेवली, कोणी पाण्याच्या बाटल्यांची खोकी आणून रचली. मला कोणी विचारलं की मी म्हणायचो, "कुछ नहीं होगा, इन्शाल्ला," आणि घरात शिरल्या शिरल्या टीव्ही लावायचो.

त्या दिवशी बयो आमच्या डायनिंग टेबलावर गणितं करत होती. बेल वाजली म्हणून मी दार उघडलं तर तिची आई, रोजच्यापेक्षा लवकर. चेहरा पांढराफटक. कॉरिडॉरमध्येच ती मला हळू आवाजात म्हणाली, तो गेला. सकाळी ड्युटीला म्हणून गेला आणि तळावरूनच दुपारी बोट निघाली. घरी यायलासुद्धा सोडलं नाही. दोन ओळींचा मेसेज आला आणि फोन बंद. कधी येणार, काही ठाऊक नाही.

मी काही बोलणार तेवढ्यात माझ्या कोपराखालून आवाज आला, "पापा गेले?" पोर पेन्सिल हातात घेऊन मागे उभी होती.

आईनं खाली बसून तिला जवळ ओढलं आणि फ्रेंचमध्ये काहीबाही सांगितलं. पोर रडली नाही. आईचे हात बाजूला करून तिनं मला विचारलं, "डिड ही ईट द दही?"

आईनं माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. आम्ही दोघंही गप्प राहिलो आणि तिथंच तिला उत्तर मिळालं. "नाही खाल्लं," ती स्वतःशीच म्हणाली. तिच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. अंधाराला, झुरळाला घाबरणारी मुलं मी पुष्कळ पाहिलीत, ही भीती तसली नव्हती. माणूस जाणार म्हणून डॉक्टरांनी सांगितल्यावर घरच्यांची जी तोंडं होतात, तसं त्या सात वर्षांच्या पोरीचं तोंड झालं होतं.

"खाल्लं की!" स्वयंपाकघरातून आवाज आला. बायको कणकेच्या हातांनी बाहेर आली. "सकाळी मी वॉकला निघाले तेव्हा लिफ्टपाशी भेटले तुझे पापा. मी म्हटलं थांबा. बोलावलं आत आणि दिलं."

"आत?"

"हो, इथं. उंबऱ्याच्या आत."

मी हिच्याकडे बघतच राहिलो. ही सकाळी वॉकला गेलीच नव्हती. गुडघा धरला म्हणून पडून होती, चहा मी केला होता. दहीसाखरेच्या बाबतीत ही बाई खोटं बोलेल असं कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

बयोनं उलटतपासणी सुरू केली. वाटी कोणती? चांदीची. हात? उजवा. मागे वळून बघितलं? नाही गं बाई. मग ती माझ्याकडे वळली. "आबा, यू सॉ?" तिघींचे डोळे माझ्यावर. मी मान डोलावली. दुसरं काय करणार होतो?

मायलेकी गेल्यावर मी हिच्यावर उखडलो. "हे काय करून बसलीस?"

"मग काय करू? तुमच्यासारखी भिंतीला टेकून उभी राहू? पोरीचं तोंड पाहिलंत ना?" ती पुन्हा कणीक मळायला लागली. मळता मळता डोळे पुसायला लागली, तर कपाळाला पीठ. मग हळूच म्हणाली, "अहो, पण त्याला खरंच नाही हो मिळालं." तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही बयोपेक्षा जास्त घाबरलीय. पोरीला निदान पापांनी दही खाल्लं एवढा तरी आधार होता. हिला तोही नव्हता.

त्यानंतरचे दिवस आम्ही कसे काढले, आमचं आम्हाला माहीत. समोरच्या घरात फोन वाजला की आमच्या घरात आम्ही दोघं टीव्हीचा आवाज कमी करून कान लावायचो. तळावरच्या नौसैनिकांच्या बायकांच्या ग्रुपवर एवढंच यायचं की सगळे ठीक आहेत. कुठे ठीक, कसे ठीक, काही नाही. बयोची आई दारात येऊन पोरीला घेऊन जायची तेव्हा हसायची, आणि ते हसू बघवत नसे. बयो रोज त्याच चौकशा वेगवेगळ्या वेळी करायची, उत्तरं जुळतात का बघायला. चमचे किती होते? वाटी भरलेली होती की अर्धी? आणि ती यायच्या आधी ही माझ्याकडे येऊन विचारायची, "अहो, मी काल एक चमचा म्हटलं ना? की दोन?" म्हातारपणी आम्ही दोघं खोट्या साक्षीची उजळणी करत होतो.

आणि ह्या काळात हिचं दही लागेना. दूध तेच, विरजण तेच, ओव्हन तोच. पातेलं उघडलं की पांढरं पाणी. मी म्हटलं, "अगं, दुधाचा ब्रँड बदलून बघ." तिनं पातेलं सिंकमध्ये ओतलं आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

मग तो व्हिडिओ आला. बिल्डिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी टाकला: समुद्रात एक बोट पेटलेली, काळा धूर. कुठली बोट, कोणाची, कधीची, कोणाला पत्ता नाही. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. मी बयोच्या आईला फोन लावला, तर ती वर्गात, फोन उचलेना. तळाचा नंबर माझ्याकडे नव्हता, असता तरी मी कोण म्हणून विचारणार होतो? शेजारचा आबा? मी हॉलमध्ये येरझारा घालत होतो आणि ही देवापुढे बसली होती, तेवढ्यात बस आली.

बयो वर आली ती बूट न काढता तशीच हॉलच्या मध्यावर उभी राहिली. शाळेत कोणीतरी तिला सांगितलं होतं. पोरांपर्यंत बातमी आपल्या आधी पोचते. तिनं काही विचारलं नाही. दोन बोटांनी स्वतःच्या गळ्याची कातडी चिमटीत धरली आणि म्हणाली, "आजी, गळ्याशप्पथ?"

हे हिनंच तिला शिकवलेलं. भिंतीवर क्रेयॉनच्या रेघा कोणी मारल्या याचा तपास चालला होता तेव्हा. गळा धरून शपथ घ्यायची, आणि खोटी घेतली तर ज्याच्या गळ्याची घेतली तो मरतो. आपल्याकडे शाळेच्या मैदानात पोरं दिवसातून दहादा घेतात, कोणी मरत नाही. पण बयोला ते खेळातलं आहे असं कोणी सांगितलंच नव्हतं, आणि आमच्या हिचाही त्यावर पक्का विश्वास. साठी उलटली तरी ह्या बाईनं कधी कोणाची खोटी शपथ घेतलेली नाही.

"माझ्या गळ्याची घे," बयो म्हणाली आणि तिनं हनुवटी वर केली.

हिचा हात वर गेला आणि थांबला. "तुझी नको गं," ती म्हणाली. "लहान लेकरांची शपथ घेऊ नये."

"मग तुझी."

हिनं स्वतःचा गळा चिमटीत धरला. "गळ्याशप्पथ. दिलं मी त्यांना दहीसाखर." आवाज अगदी स्वच्छ.

बयोनं श्वास सोडला. खाली बसून बूट काढले, जागेवर ठेवले आणि लाडू मागितला. मी तिथंच उभा. अडवायला हवं होतं, अडवलं नाही.

ती बोट त्यांची नव्हती, एवढं संध्याकाळी कळलं. बयोच्या आईनं दारात उभ्या उभ्या सांगितलं आणि हिच्या खांद्यावर डोकं टेकून ओक्साबोक्शी रडली. पण त्यापलीकडे काही कळलं नव्हतं. आणि माझी भीती तर त्या दिवशी खरी सुरू झाली. मी शपथेबिपथेला मानत नाही. पण ही मानते, आणि तिनं समजून उमजून स्वतःचा जीव लावला होता. मनानं घेतलं की माणूस कसा खचतो ते मी पाहिलंय, चांगली धडधाकट माणसं अंथरूण धरतात. हिला बीपी, हिचा गुडघा, हिची झोप आधीच तोळामासा. मी भांडलो असतो, पण ती एकदम शांत झाली होती. त्या शांतपणानं माझं धाबं दणाणलं. एके सकाळी म्हणाली, "लोणच्याची बरणी महिन्यातून एकदा हलवायची हं, नाहीतर वरची फोड काळी पडते." मी म्हटलं, "मला कशाला सांगतेस?" तर म्हणे, "असू द्या माहीत."

दुपारी ती आडवी झाली की मी खुर्ची घेऊन खोलीत बसायचो. श्वास चालू आहे हे दिसत असायचं, तरी खात्री वाटायची नाही. मग उठून तिच्या नाकासमोर बोट धरायचो. ऊन ऊन हवा लागली की पुन्हा खुर्चीत. शेजारच्या खोलीत बयो रंगवत बसलेली असायची. आणि मी स्वतःला शिव्या घालायचो, अरे, तू शिकलासवरलेला माणूस, काय चाललंय तुझं हे?

तो परत आला त्या दिवशी कोणी काही कळवलं नव्हतं. भर दुपारी बेल वाजली, मी दार उघडलं तर समोर बयोचा बाप. दाढी वाढलेली, गाल आत गेलेले, खांद्याला तीच बॅग. मुलगी आमच्याकडेच असणार म्हणून स्वतःच्या दाराकडे न जाता तो आधी इकडे आला होता. मी त्याचा हात धरला तो सोडवेना. बयो आतून धावत आली आणि तिनं त्याच्या अंगावर उडीच मारली. ही स्वयंपाकघराच्या दारात, पदर तोंडाशी धरून उभी. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

बयो त्याच्या कडेवर होती. त्याचे गाल दोन्ही हातांत धरून तिनं विचारलं, "पापा, त्या दिवशी आजीचं दही गोड होतं ना?"

मी तिच्या पाठीमागून डोळे मोठे केले, मान हलवली, हातवारे केले. तो आनंदात, त्याला कुठलं कळायला! "कुठलं दही? त्या दिवशी मी अंधारातच निघालो, कोणी भेटलंच नाही," तो हसत म्हणाला. "बोटीवर मी सगळ्यांना सांगत होतो, ह्या वेळी माझं दही राहिलं."

बयो हळूहळू त्याच्या कडेवरून घसरून खाली उतरली. मला वाटलं आता चिडेल, खोटारडी म्हणेल, पुन्हा आमच्या घरात पाऊल ठेवणार नाही. ती हिच्यापाशी गेली. हिच्या गळ्याकडे बघत होती.

"आर यू गोइंग टु डाय, आजी?"

मग मीच ओरडलो. "नाही! कोणी मरत नसतं! शपथेनं कोणी मरत नाही, सगळं थोतांड आहे ते!" मराठीतच ओरडलो, एवढ्या जोरात की बाप दचकला.

बयोला सगळं समजलं. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मग आजी झोपली की तू तिच्या नाकाजवळ बोट का धरतोस?"

हिनं माझ्याकडे पाहिलं. हिला हे ठाऊक नव्हतं. मी खाली मान घालून उभा राहिलो.

ही गुडघ्यावर हात देत, कण्हत, खाली फरशीवर बसली. बयोच्या बरोबरीला आली. "बयो, ऐक माझं. शपथ सोडवता येते. जिच्यापुढे घेतली तिनं 'सुटली' म्हणायचं. तू म्हण. तू म्हटलंस की खलास, मला काही होणार नाही."

बयोनं तोंड उघडलं आणि मिटलं. ती वळून बापाकडे बघायला लागली. मग पुन्हा हिच्याकडे. मग एकेक शब्द जुळवत म्हणाली, पापांना तर दही मिळालंच नव्हतं. म्हणजे ते दह्यानं नाही आले. ते आजीच्या शपथेनं आले. "मी सुटली म्हटलं, तर..."

पुढचं तिला बोलवेना. सात वर्षांची पोर, एकीकडे बाप आणि दुसरीकडे आजी, आणि मध्ये आम्ही तिच्या हातात दिलेला एक शब्द. आमचा स्वतःचाच एवढा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. बाप बिचारा एकेकाच्या तोंडाकडे बघत होता, त्याला काही कळत नव्हतं.

"नाही गं, तसं नसतं," ही म्हणाली. पण आवाजात जोर नव्हता. मी हिला ओळखतो, हिच्याही मनात तेच आलं होतं. मग तिनं बयोचे केस मागे सारले आणि म्हणाली, "नको म्हणूस. राहू दे तशीच. मी धड आहे."

बयोनं जोरजोरात मान हलवली. ती बापापाशी गेली, त्याच्या कमरेचा पट्टा मुठीत धरला आणि त्याला ओढत ओढत आजी बसली होती तिथपर्यंत आणलं. पट्टा सोडला नाही. दुसरा हात तिनं हिच्या गळ्यावर ठेवला, डोळे गच्च मिटले आणि म्हणाली, "सुटली."

कोणी हललं नाही. मग तिनं एक डोळा किलकिला करून आधी आजीकडे पाहिलं, मग पापांकडे. दोघंही होते. तरी तिनं पट्ट्याची मूठ काही सोडली नाही.